धरणे ४२ टक्के, मासळी १.३ टक्के

मोठ्या धरणांच्या २०१९च्या राष्ट्रीय नोंदवहीत ५,७४५ धरणे आहेत. त्यांपैकी २,३९४ महाराष्ट्रातली, म्हणजे ४२ टक्के. २०२१-२२ मध्ये देशात भूजलाशयीन, म्हणजे समुद्राबाहेरच्या पाण्यातली मासळी १२१.२१ लाख टन निघाली. महाराष्ट्राची होती १.५७ लाख टन, म्हणजे १.३ टक्के.

धरणांची संख्या हे फसवे माप आहे, कारण आपली बहुतेक धरणे लहान आहेत. म्हणून क्षेत्रफळ घेऊ. केंद्रीय पातळीवरच्या जुन्या पण आजही वापरल्या जाणाऱ्या मोजणीत देशातील जलाशयांचे क्षेत्र ३१.५३ लाख हेक्टर आहे आणि महाराष्ट्राचे २.७४ लाख हेक्टर. हा वाटा ८.७ टक्के येतो. ४२ वरून ८.७ वर उतरल्यावरही मासळीचा १.३ टक्के आकडा त्याच्या जवळपास पोचत नाही.

ही तफावत वर्धा जिल्ह्यातल्या केळझरसारख्या गावातून नीट दिसते. सेलू तालुक्यातले, नागपूर-वर्धा रस्त्यावरचे हे गाव लोकांना टेकडीवरच्या गणपतीमुळे माहीत आहे. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर. पाणी मात्र तालुक्यातच आहे: सुमारे १२७ दशलक्ष घनमीटर उपयुक्त साठ्याचा बोर प्रकल्प आणि पंचधारा हा मध्यम प्रकल्प. (याद्या चाळणाऱ्यांसाठी एक सूचना: ‘केळझर धरण’ शोधले की नाशिकच्या बागलाणमधला मध्यम प्रकल्प हाती लागतो आणि ‘केळझर स्थानक’ शोधले की चंद्रपूर जिल्ह्यातले. या लेखातले केळझर वर्ध्याचे.)

आधी राज्याचे चित्र. २०२१-२२ मध्ये महाराष्ट्राने एकूण ५.९० लाख टन मासळी काढली, समुद्रातून ४.३३ लाख टन आणि भूजलाशयीन १.५७ लाख टन. आदल्या वर्षी हे आकडे ३.९९ आणि १.२५ लाख टन होते. म्हणजे वर्षभरात सागरी उत्पादन साडेआठ टक्क्यांनी वाढले आणि भूजलाशयीन २५ टक्क्यांहून जास्त. आदले वर्ष करोनाचे होते, त्यामुळे ही वाढ काही अंशी भरपाई आहे. तरीही दिशा स्पष्ट आहे: सागरी आकडा २०१७-१८ च्या ४.७५ लाख टनांखाली आहे आणि भूजलाशयीन आकडा त्या वर्षीच्या १.३१ लाख टनांवर गेला आहे.

देशाशी तुलना केली की चित्र उलटे होते. त्याच वर्षी देशाच्या १६२.४८ लाख टनांत भूजलाशयीन मासळीचा वाटा ७४.६ टक्के होता, महाराष्ट्रात २६.६ टक्के. देशाची तीन चतुर्थांश मासळी जमिनीवरच्या पाण्यातून येते आणि आपली तीन चतुर्थांश समुद्रातून. राज्यातल्या ३६ जिल्ह्यांपैकी सात किनाऱ्यावर आहेत. उरलेल्या २९ जिल्ह्यांच्या वाट्याला फार तर चौथा हिस्सा येतो. वर्ध्याच्या आठवडी बाजारात समुद्र पोचतो तो मुख्यतः सुकट आणि सुके बोंबील होऊन. ओली मासळी तळ्याची असते, नाहीतर बर्फात घालून बाहेरून आलेली. बाहेरून येणाऱ्यात आंध्रचा हात मोठा. २०२१-२२ मध्ये एकट्या आंध्र प्रदेशने ४२.१९ लाख टन भूजलाशयीन मासळी काढली, म्हणजे देशाच्या एक तृतीयांशाहून जास्त आणि महाराष्ट्राच्या २७ पट.

मधल्या वर्षांत एक खाच आहे. २०१७-१८ मध्ये १.३१ लाख टन असलेले राज्याचे भूजलाशयीन उत्पादन २०१८-१९ मध्ये सुमारे एक लाख टनांवर आले. घट जवळपास २४ टक्क्यांची. ऑक्टोबर २०१८ मध्ये राज्याने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता. तळ्यात पाणी नाही तर मासा नाही, इतका हा संबंध सरळ आहे. आणि पाणी कोणासाठी, किती, कधी सोडायचे हे ठरवताना मासा कोणाच्याच यादीत वरच्या क्रमांकावर नसतो.

आता दर हेक्टरी उत्पन्न. सगळा फरक इथेच पडतो. देशातल्या जलाशयांचा सर्वांत विस्तृत आढावा १९९५ मध्ये व्ही. व्ही. सुगुणन यांनी जागतिक अन्न व कृषी संघटनेसाठी लिहिला. त्यात लहान जलाशयांची देशाची सरासरी हेक्टरी ४९.९० किलो आहे, मध्यम जलाशयांची १२.३० आणि मोठ्यांची ११.४३. महाराष्ट्राचे आकडे अनुक्रमे २१.०९, ११.८३ आणि ९.२८ किलो, तिन्ही मिळून १०.२१. आंध्रच्या लहान जलाशयांत तेव्हा हेक्टरी १८८ किलो निघत होते. मध्यम आणि मोठ्या जलाशयांत आपण देशापेक्षा थोडेच मागे होतो. लहान जलाशयांत देशाच्या निम्म्याहून खाली आणि आंध्रच्या नवव्या हिश्श्यावर. लहान जलाशय म्हणजे ज्यात बीज सोडून मासा वाढवता येतो आणि जाळे टाकून बराचसा परत काढता येतो, असे पाणी. मोठ्या धरणात निसर्गावर भिस्त असते. लहान धरणात व्यवस्थापनावर. म्हणजे आपण मागे पडलो ते नेमके माणसाच्या हातात असलेल्या भागात.

हे आकडे तीस वर्षांपूर्वीचे आहेत आणि तेव्हापासून बीज सोडण्याचे प्रमाण वाढले आहे. पण एक ढोबळ पडताळा घेता येतो. २.७४ लाख हेक्टर गुणिले १०.२१ किलो म्हणजे सुमारे २,८०० टन. राज्याच्या २०२१-२२ च्या १.५७ लाख टनांपुढे हे १.८ टक्के झाले. जलाशयांचे उत्पन्न तेव्हापासून दहा पट वाढले असे धरले, तरी २८,००० टन, म्हणजे १८ टक्के. राज्यातले मत्स्यव्यवसायाला योग्य असे गोडे पाणी सुमारे चार लाख हेक्टर. त्यातले दोन तृतीयांश जलाशयांचे. दोन तृतीयांश पाण्यातून दहापट वाढ गृहीत धरूनही पाचव्या हिश्श्याइतका मासा येत नाही. उरलेला तळी, शेततळी, नद्या आणि खासगी तलावांतून येतो.

हेच गावाच्या मापाने मोजू. भारतात दरडोई मासळीचा खप २००५-०६ मधील ४.९ किलोवरून २०१९-२१ पर्यंत ८.८९ किलोवर गेला, असे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या सहभागाने झालेल्या २०२४च्या अभ्यासात आहे. केळझरच्या हिशेबाला सोपे पडावे म्हणून पाच हजार माणसे धरली, तर राष्ट्रीय सरासरीने त्यांना वर्षाला ४४.४५ टन मासळी लागेल. हेक्टरी तीन टन देणाऱ्या, नीट सांभाळलेल्या तळ्यांतून ती मिळवायची तर १५ हेक्टर पाणी पुरते. आंध्रच्या लहान जलाशयांच्या दराने २३६ हेक्टर लागते, देशाच्या दराने ८९१ हेक्टर, महाराष्ट्राच्या लहान जलाशयांच्या दराने २,१०८ हेक्टर आणि राज्याच्या सर्व जलाशयांच्या सरासरीने ४,३५४ हेक्टर. गाव एकच, ताटातला मासा तेवढाच. पाणी १५ हेक्टरांपासून चार हजार हेक्टरांपर्यंत.

१५ हेक्टरांवर मालक असतो. चार हजार हेक्टरांवर सरकार असते, आणि सरकारही एक नसते. ढोबळमानाने सांगायचे तर १०० हेक्टरांपर्यंत सिंचनक्षमतेचा तलाव जिल्हा परिषदेचा, त्यावर ६०० हेक्टरांपर्यंतचा मृद व जलसंधारण विभागाचा आणि त्याहून मोठा जलसंपदा विभागाचा. मासेमारीचा ठेका देताना मत्स्यव्यवसाय विभाग येतो. ठेका पाच वर्षांचा आणि त्यात स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेला प्राधान्य. पाण्याची पातळी संस्थेच्या हातात नसते. सिंचनाचे आवर्तन सुटले की पाणी जाते, मासा चिखलाकडे सरकतो.

अशा एका संस्थेचा हिशेब मांडून बघू. आकडे कल्पित, दर वरच्या आढाव्यातले. ४० हेक्टरांचा तलाव, ५० सभासद, मासळीला सरसकट १०० रुपये किलो भाव. राज्याच्या जुन्या दराने वर्षाला ८४४ किलो मासळी. सभासदामागे १७ किलो, १,७०० रुपये. देशाच्या दराने सभासदामागे ४० किलो, ४,००० रुपये. आंध्रच्या १८८ किलोंच्या दराने १५० किलो, १५,००० रुपये. पहिल्या दोन आकड्यांवर कोणाचेच घर चालत नाही. सभासद कापूस वेचायला, सोयाबीन काढायला, नाहीतर बांधकामावर जातो आणि तलावाकडे उरल्यावेळी बघतो. तिसरा आकडाही पूर्ण उपजीविकेचा नाही, पण तिथून तलावाला वर्षभर वेळ देणे परवडू लागते.

पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत जायला काय लागते? बीज. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत जलाशयात हेक्टरी १,००० बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, सोडण्याचा दंडक आहे आणि बोटुकलीमागे तीन रुपये खर्च धरला आहे. ४० हेक्टरांना ४० हजार बोटुकली, १.२० लाख रुपये, सभासदामागे २,४००. त्यातली ३० टक्के जगली आणि सरासरी ७०० ग्रॅमला काढली, तरी ८,४०० किलो मासळी होते, म्हणजे हेक्टरी २१० किलो. एवढ्यात आंध्रची बरोबरी होते. कोणतेही नवे तंत्र लागत नाही. हिरालाल चौधुरी यांनी १० जुलै १९५७ रोजी ओरिसातल्या आंगुळ येथे संप्रेरक टोचून कार्प माशांचे प्रजनन घडवले, तेव्हापासून नदीतून जिरे, म्हणजे अगदी बारीक मत्स्यबीज, गोळा करण्याची सक्ती संपली. कटला, रोहू, मृगळ यांचे बीज आज पैसे दिले की मिळते.

अडचण तारखांची आहे. बीज पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये सोडावे लागते. त्या वेळी संस्थेची तिजोरी रिकामी असते, सभासदांचे पैसे पेरणीत आणि शाळेच्या प्रवेशात गेलेले असतात. मासळी निघते ती मार्चपासून पुढे, पाणी उतरू लागल्यावर. मधले आठ महिने कोणीतरी पैसे लावायला हवेत. बँक तलाव गहाण घेत नाही, कारण तो संस्थेचा नाही. मग व्यापाऱ्याची उचल येते. उचल घेतली की मासळी त्यालाच, त्याच्याच भावाने. शिवाय उन्हाळ्यात आसपासचे सगळेच तलाव एकदम आटतात, सगळ्यांचा मासा एकाच पंधरवड्यात बाजारात येतो. बर्फ आणि साठवण असलेला थांबू शकतो. डोंग्यात किंवा ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून जाळे लावणाऱ्याला त्याच सकाळी विकावे लागते. पुढे श्रावण लागला की खप बसतो.

ठेक्याचा कालावधीही हिशेबात धरायला हवा. पाच वर्षांच्या ठेक्यात शेवटच्या पावसाळ्यात सोडलेले बीज मुदतीच्या आत काढता आले तरच आपले. लहान बीज सोडले आणि ते पुढच्या हंगामात काढणीला आले, तर ते पुढच्या ठेकेदाराचे. त्यामुळे कागदावर पाच वर्षे असली, तरी मन लावून बीज सोडण्याची वर्षे चारच राहतात.

बोर जलाशयाला आणखी एक कुंपण आहे. त्याला लागून १९७० मध्ये ६१ चौरस किलोमीटरचे अभयारण्य झाले आणि २०१४ मध्ये १३८ चौरस किलोमीटरचा व्याघ्र प्रकल्प. देशातल्या सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी हा एक. अशा ठिकाणी पाण्यावरचा हक्क कसा मोजला जातो, याचे विदर्भाच्या सीमेवरचे उदाहरण तोतलाडोहचे. पेंच नदीवरच्या या जलाशयाचे सुमारे ७४ चौरस किलोमीटर क्षेत्र दोन राज्यांत विभागले आहे. ५४ मध्य प्रदेशात, २० महाराष्ट्रात. मध्य प्रदेशच्या भागात राष्ट्रीय उद्यानातून उठवलेल्या आदिवासींना दिलेले ३०५ मासेमारी परवाने सर्वोच्च न्यायालयात गेले. ५ मार्च १९९७ च्या निकालात ते कडक अटींवर कायम राहिले. ५,४०० हेक्टर भागिले ३०५ म्हणजे परवान्यामागे १७.७ हेक्टर पाणी. मोठा आकडा वाटतो. सुगुणन यांच्या आढाव्यात मध्य प्रदेशच्या मोठ्या जलाशयांचे उत्पन्न हेक्टरी १४.५३ किलो आहे. त्या दराने एका परवान्याला वर्षाला २५७ किलो, दिवसाला ७०० ग्रॅम. सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढलेला हक्क एवढ्या मासळीचा होता. जंगलाच्या पाण्यात बीज सोडून ती वाढवण्याचा मार्गही नसतो.

पूर्व विदर्भातल्या मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या, तलावांचा इतिहास पाण्यावरच्या हक्काच्या याच साखळीतला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून ६,८६२ तलावांचा आकडा दिला जातो. १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. वर्धाही जुन्या मध्य प्रांताचाच, मालगुजारीचाच जिल्हा; पण इथे तलावांची तशी दाटी नव्हती. इथले मोठे पाणी स्वातंत्र्यानंतरच्या धरणांचे. म्हणून भंडाऱ्याच्या मासेमार ढिवराकडे निदान पिढीजात तलावाची आठवण आहे. वर्ध्याच्या भोई-ढिवरांकडे नदी होती, आणि नदीवर धरण झाल्यावर पाच वर्षांचा ठेका आला.

दुसरी बाजू तळ्यांची. राज्याने फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आणली. कमाल अनुदान ५० हजार रुपये, मोठ्या तळ्याचे माप ३० × ३० × ३ मीटर. उद्दिष्ट पुढे १,११,१११ शेततळ्यांचे झाले. हा आकडा कोणी कसा काढला असेल ते वाचकाने ठरवावे. पण त्यात एक गंमत आहे. ३० × ३० मीटर म्हणजे ०.०९ हेक्टर. सगळी शेततळी याच मापाची धरली तर १,११,१११ गुणिले ०.०९ बरोबर १०,००० हेक्टर. हेक्टरी तीन टनांनी ३०,००० टन मासळी. राज्याच्या २०२१-२२ च्या भूजलाशयीन उत्पादनाच्या १९ टक्के. शेततळ्यामागे २७० किलो. प्रत्यक्षात सगळी तळी या मापाची नाहीत, आणि अस्तर नसलेले तळे मासा विक्रीयोग्य होण्याआधीच आटते. ज्याने प्लास्टिकचे अस्तर टाकले आणि ज्याच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी आहे, त्याचाच मासा वाढतो. तो शेतकरी मुळात बागायतदार असतो.

हाच कल मोठ्या योजनेत दिसतो. मत्स्यसंपदा योजना २०२० मध्ये २०,०५० कोटी रुपयांची म्हणून आली. त्यातले ९,४०७ कोटी केंद्राचे, ४,८८० कोटी राज्यांचे आणि ५,७६३ कोटी लाभार्थींचे. म्हणजे २० हजार कोटींच्या शीर्षकात जवळपास २९ टक्के रक्कम तळे खोदणाऱ्याच्याच खिशातली. उद्दिष्ट होते २०२४-२५ पर्यंत २२० लाख टन. २०२२-२३ मध्ये देशाचे उत्पादन १७५.४५ लाख टन झाले, २०२३-२४ मध्ये १८४.०२ लाख टन (वाढ ४.९ टक्के) आणि २०२४-२५ मध्ये १९७.७५ लाख टन (वाढ ७.५ टक्के). उद्दिष्टापेक्षा दहा टक्के कमी; २०१३-१४ च्या ९५.७९ लाख टनांपेक्षा दुप्पट. दोन्ही वाक्ये खरी आहेत. सरकारी पत्रकात कोणते छापले जाते, हे सांगायला नको.

या योजनेत एक हेक्टर नवे तळे खोदायला सात लाख आणि पहिल्या वर्षीच्या बीज-खाद्याला चार लाख धरले आहेत. एकूण ११ लाख. सर्वसाधारण गटाला ४० टक्के अनुदान, म्हणजे ४.४० लाख, पदरचे ६.६० लाख. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि महिलांना ६० टक्के, म्हणजे ६.६० लाख, पदरचे ४.४० लाख. फरक २.२० लाखांचा. कुटुंबाने तळे घरातल्या बाईच्या नावावर दाखवावे, यासाठी एवढा फरक पुरेसा आहे.

आता भोई-ढिवर कुठल्या रांगेत? महाराष्ट्रात भोई आणि त्याच्या पोटजाती (ढिवर, केवट, कहार, धीमर इत्यादी) भटक्या जमाती ‘ब’ प्रवर्गात आहेत. राज्याचे आरक्षण अडीच टक्के. केंद्राच्या लेखी ते इतर मागासवर्गीय. मत्स्यसंपदेच्या अनुदानात या दोन्हींसाठी वेगळा रकाना नाही. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारा विदर्भातला पुरुष मच्छीमार सर्वसाधारण गटात, ४० टक्क्यांत बसतो. त्याच्याच रांगेत दहा एकर ओलिताचा शेतकरी असतो, ज्याने मासा आजवर ताटातच पाहिला. दोघांना समान ४.४० लाख अनुदान. पण त्याआधी एक हेक्टर जमीन आणि ६.६० लाख रुपये लागतात. शेतकऱ्याकडे सातबारा आहे. भूमिहीन ढिवराकडे संस्थेचे सभासदत्व आहे, आणि त्या कागदावर तळे खोदता येत नाही.

पिंजऱ्यांचा आकडा याहून बोलका आहे. योजनेत जलाशयातल्या एका पिंजऱ्याला तीन लाख रुपये धरले आहेत. नेहमीच्या ६ × ४ × ४ मीटर मापाचा पिंजरा पाण्यावर २४ चौरस मीटर जागा व्यापतो. त्यात पंगस किंवा तिलापिया वाढवून वर्षाला दोन टन मासा काढला असे धरू. राज्यातल्या लहान जलाशयांच्या जुन्या दराने दोन टन मासळीला ९५ हेक्टर पाणी लागले असते. १८ पिंजऱ्यांची एक रांग ५४ लाखांची. सर्वसाधारण गटात पदरचे ३२.४० लाख. जिथे संस्थेचा सभासद १,७०० ते ४,००० रुपये मिळवतो, त्याच पाण्यावर हे भांडवल उतरते. तांत्रिकदृष्ट्या दोघांचा झगडा नाही, कारण पिंजरा फार थोडी जागा घेतो. झगडा होतो तो घाटाचा, रस्त्याचा, जाळे कुठवर टाकायचे याचा आणि पिंजरा फाटून बाहेर पडलेला मासा कोणाचा याचा.

२२ एप्रिल २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. कृषी दराने वीज, कृषी दराने कर्ज, किसान क्रेडिट कार्ड, विमा, सौरऊर्जेची सवलत. यांतली वीज आणि सौरऊर्जा मोटार किंवा हवा मिसळणारे यंत्र असलेल्यालाच उपयोगी. जाळे विजेवर चालत नाही. कर्जाला तारण लागते. राहता राहिले क्रेडिट कार्ड. ते मच्छीमारांना २०१८-१९ पासूनच खुले आहे आणि वेळेवर फेडल्यास व्याज चार टक्क्यांवर येते. व्यापाऱ्याच्या उचलीला खरा पर्याय हाच, पण तो व्यक्तीला मिळतो आणि बीज संस्थेला घ्यायचे असते.

मोजमापाबद्दल एक गोष्ट. भूजलाशयीन आकड्यांत कटला-रोहू नीट येतात, कारण ते काट्यावर विकले जातात. बाजाराच्या कडेला पोते अंथरून बसलेल्या बाईपुढे मात्र बोटाएवढ्या माशांचे आणि झिंग्यांचे वाटे असतात. एक वाटा एक भाव; संध्याकाळ झाली की दोन वाटे त्याच भावात. तिथे काटा नसतो. ही मासळी उत्पादनाच्या तक्त्यात आली तर अंदाजानेच येते, आणि सभासदाच्या घरी त्या आठवड्याचे तेल-मीठ बहुतेक तिच्यावरच येते. जलाशयाचे हेक्टरी उत्पन्न त्यामुळे कागदावर दिसते त्याहून थोडे जास्त असणार. २१ किलोंचे १८८ होण्याइतके जास्त मात्र नाही.

शेवटी पैशांचा हिशेब. राज्यातल्या लहान जलाशयांचे क्षेत्र १,१९,५१५ हेक्टर. त्या सगळ्यात दंडकाप्रमाणे बोटुकली सोडायची तर ११.९५ कोटी बोटुकली, वर्षाला ३५.८५ कोटी रुपये. उत्पन्न २१.०९ किलोंवरून आंध्रच्या १८८ वर गेले, तर वाढीव मासळी १९,९४८ टन. १०० रुपये किलोने १९९ कोटींची. तेच ३५.८५ कोटी ४० टक्के अनुदान म्हणून तळ्यांना दिले, तर ८१५ हेक्टर नवी तळी होतात आणि हेक्टरी तीन टनांनी २,४४४ टन मासळी मिळते.

तुलना एवढ्यावर सोडणे तळ्यांवर अन्यायाचे होईल. बीज दरवर्षी सोडावे लागते. तळे एकदा खोदले की टिकते. दरवर्षी ३५.८५ कोटी दोन्हीकडे लावत गेलो, तर दहा वर्षांत जलाशयांची वाढीव मासळी १.९९ लाख टन होते आणि दरवर्षी नव्या तळ्यांची भर धरून तळ्यांची १.३४ लाख टन. तळी जलाशयांना गाठतात सोळाव्या वर्षी. तोवर तळेमालकांनी पदरचे ६० टक्के आणि दरवर्षीचे खाद्य वेगळे घातलेले असते, आणि जलाशयांच्या संस्थांचे पाच वर्षांचे तीन ठेके संपून चौथा सुरू झालेला असतो.